आठ कडव्यांत बालिंत

केरेकडोंब गावात माणूस गेला की पहिला सांगावा सुताराला जायचा आणि दुसरा बोदोर वेरोनला. पेटी सुताराची, बोल वेरोनचे. पेटीला उशीर झालेला गावानं एकवेळ खपवून घेतला असता, पण निरोप तयार नाही म्हटल्यावर मढं उंबऱ्याबाहेर निघत नसे. आता शहरातनं काळ्या कोटातला एक माणूस येतो, कागदावरचं वाचतो आणि मधे मोकळी जागा सोडलेली असते तिथं नाव घालतो. एकदा तर आधीच्याच मयताचं नाव वाचून मोकळा झाला. रडणाऱ्या बायका थबकल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि आलेलं रडू वाया कशाला घालवा म्हणून तशाच पुढं रडल्या. वेरोनच्या हातून असलं झालं असतं तर गावानं तिलाच पेटीत घातली असती.

तिच्या वेळची गोष्ट निराळी. अंगणात दोन लाकडी घोड्यांवर पेटी ठेवायची. काळा रुमाल हनुवटीखाली आवळून वेरोन उशाशी उभी राहायची, आणि तिच्या तोंडून मेलेला बोलायला लागायचा. मी असा जन्मलो, असा राबलो, असा आडवा झालो. आणि मग एकेकाचा निरोप घ्यायचा, नाव घेऊन, यमक जुळवून. ज्याचं नाव निघालं त्यानं पुढं यायचं, झाकणावर हात ठेवायचा. दोघांत जे काय वाकडं असेल ते तिथं सरळ झालं असं धरायचं. नाव निघालेल्यांनीच पेटीमागं चालायचं. ज्याचं नाव नाही तो कुंपणाबाहेर, मग तो सख्खा का असेना.

म्हणून वेरोनचं तोंड म्हणजे गावाचं अर्धं न्यायालय होतं.

बाई तशी दिसायला काही नव्हती. ठेंगणी, रुंद, चाकं करणाऱ्या कारागिराची विधवा. आवाजही नवऱ्यानं वंगण घालायचं विसरलेल्या चाकासारखा. निरोप पूर्वी चर्चमधला म्हातारा गायक करायचा. चाळीस-चाळीस कडवी, त्यात दावणीची गाय, शेळी आणि दारचं कुत्रंही यायचं. वेरोन पोरवयात त्याच्याकडं धुणीभांडी करायची आणि तो खोलीत येरझाऱ्या घालत यमकं जुळवायचा ती ऐकायची. पुढं तो मेला आणि गावाला एकदम कळलं, की सगळ्यांना निरोप देणाऱ्याचा निरोप करणार कोण? पाद्री गप्प, मास्तर गप्प. वेरोन पाव वाढायला आली होती. पिठाचे हात तसेच ठेवून ती पेटीशी गेली आणि म्हणाली:

साऱ्या गावा निरोप देऊन
मुक्यानंच का जातो हा?

पुढं काय म्हणाली ते तिला स्वतःलाही कधी आठवलं नाही. पण त्या दिवसापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं. म्हाताऱ्याच्या दोन गोष्टी तिनं जपल्या. एक, त्याचं पहिलं कडवं. गेली कित्येक वर्षं गावातला प्रत्येक निरोप त्याच कडव्यानं सुरू व्हायचा:

थांबा थोडं, भल्या माणसां,
ऐका माझं शेवटचं;
दार उघडलं पलीकडं अन्
बिऱ्हाड नव्हतं कायमचं.

'थांबा' म्हटलं की बायकांचे रुमाल बाहीतून बाहेर यायचे, आणि 'बिऱ्हाड' आलं की हुंदके. बैलाला जसं 'हो' कळतं तसं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याचा नेम: मेलेल्याच्या तोंडी खोटं घालायचं नाही. जे तो जिता असता तर बोलला असता, तेच. गोड करायचं तर कर, पण बनवू नको. 'मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्याच्याशी जास्त सचोटीनं वागावं लागतं,' असं तो म्हणायचा.

एका हिवाळ्यात नवीन पाद्री आला. तरणा, चष्मेवाला, शहरात शिकलेला, पायात पातळ बूट. त्याच थंडीत लोहाराची आई गेली. म्हातारीला नातवंडं-पतवंडं मिळून अख्खी आळी. वेरोननं एकालाही सोडलं नाही. ऊन टेकडीमागं गेलं, पाद्रीचे ओठ निळे पडले, आणि तिकडं स्मशानात खड्डा खणून बसलेल्या दोघांनी ऊब यावी म्हणून आलुबुखाराच्या दारूची बाटली संपवली. पेटी पोचली तेव्हा एकजण खड्ड्यात पडून घोरत होता. त्याला दोर लावून वर काढला तेव्हा कुठं म्हातारीला जागा झाली.

दुसऱ्या दिवशी पाद्री वेरोनच्या स्वयंपाकघरात हजर.

"मावशी, यापुढे आठ कडवी. नववं सुरू झालं की मी प्रार्थना सुरू करणार."

"आठ?" वेरोन कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "आठात मानूस बसतो व्हय? त्येचं निस्तं लगीन आठात बसत न्हाय."

"देवानं अख्खं जग सहा दिवसांत उरकलं, मावशी."

"उरकंल न्हाय तर काय. त्येला सोयरे व्हते का?"

पाद्रीला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं, पण शब्द मागं घेतला नाही. जाताना तिनं दिलेला खसखशीचा रोल मात्र घेऊन गेला.

महिनाभर वेरोन धुसफुसत होती. मग हट्टी बाई जसं करते तसं तिनं केलं: आठात माणूस बसवायचा कसा, याच्याच मागं लागली. मेजावर पीठ भुरभुरायची आणि बोटानं आठ ओळी ओढायची. एक ओळ एक कडवं. मग घेवड्याचे दाणे घ्यायची, गड्यांना ठिपक्यांचे, बायकांना पांढरे. दाणा म्हणजे एक नाव. कोण कुणाशेजारी खपेल, कुणाला अर्धी ओळ पुरेल, कोणत्या दोघी एका कडव्यात आल्या तर मयतातच झिंज्या उपटतील, हे सगळं दाणे सरकवून ठरायचं. यमक नंतर, कणीक मळताना. बसून तिला यमक सुचत नसे. हाताला काम असलं की जीभ चालायची. कणीक घट्ट झाली की कडवं तयार.

गावाला हे कळायला किती वेळ लागतो? मयताचे नातेवाईक काहीतरी निमित्त काढून यायचे, मेजाकडं डोळे लावायचे.

"मी कुठला गं, मावशी?"

"त्यो. किडका."

मग तो गडी घरी जाऊन बदकाची तंगडी पाठवायचा आणि वेरोन त्याला बरा दाणा द्यायची. ओळ मात्र तीच राहायची.

अशात चोमोर बालिंत गेला. तरणेपणी जंगलात झाडं कापायचा, पुढं द्राक्षमळा केला, तो सहकारी शेतीत गेल्यावर तिथंच रोजावर राबला. अबोल माणूस. घरात बोलायचं खातं बायकोकडं होतं, तेक्लाकडं. ती त्याच दुपारी वेरोनकडं आली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज जागेवर होता.

"पोरं दोगं, सुना, नातवंडं. एगेर गावची ननंद. पोरांचे बारशातले मानलेले मायबाप. शेजारी. झालं एवढंच."

वेरोन दाणे मोजून ठेवत होती. "आनि देमेतेर?"

तेक्लानं मेजावर मूठ आपटली, पीठ उडालं. "त्येचं नाव तुज्या तोंडातनं निगालं तर बग, वेरोनमावशे. पेटी तिथंच ठिवीन आनि तुला हाताला धरून भाईर काडीन. मंग तुजी आठ कडवी त्या पाद्रीला शिकीव."

देमेतेर हा बालिंतचा धाकटा भाऊ. बाप मेल्यावर द्राक्षमळ्याची वाटणी झाली आणि मधल्या बांधावरनं दोघांत वाजलं. नांगराचा एक तास इकडं का तिकडं, एवढंच. पण द्राक्षं उतरवायच्या दिवशी, सगळा गाव टोपल्या घेऊन उभा असताना, देमेतेर म्हणाला, "माजा भाऊ गरीब हाय वो, सगळा बांध वहिनीच्या जिभंनं नांगरलाया." लोक हसले. हसले तेच वाईट झालं. तेक्लानं त्या दिवसापासून त्याला उंबरा बंद केला आणि बालिंतनं, सवयीप्रमाणं, काही म्हटलं नाही. पुढं सहकारी शेती आली, दोघांचे मळे एक झाले, ट्रॅक्टरनं बांध उभा-आडवा नांगरून टाकला. आज तो बांध कुठं होता ते देमेतेरलाही दाखवता आलं नसतं. बांध गेला, भांडण तेवढं राहिलं.

"न्हाय घेत त्येचं नाव," वेरोन म्हणाली. "शबुद दिला."

तेक्ला गेली आणि तिची पावलं अंगणातून निघतायत तोवर मागच्या दारानं देमेतेर आला. परसातल्या कोबीआड थांबला असणार. बुटांना ओला चिखल होता. हातात बदकाच्या चरबीची बरणी. त्यानं ती चुलीशी ठेवली आणि टोपी काढून तिच्या कडा चोळत उभा राहिला.

"बस की."

"नगं. वेरोनमावशे, कडवं मागत न्हाय म्या. ओळ बी नगं. निस्तं नाव कुटंतरी कोपऱ्यात टाक. शेवटाला टाक. शेळीच्या मागं टाक."

"शेळ्या आता बंद झाल्यात. आठच कडवी हाईत."

"मंग मी कुपाटीभाईरनं बगू व्हय भावाची पेटी जाताना? रस्त्यावरच्या मानसागत?"

देमेतेर चुलीकडं बघत राहिला.

"आमी दोगं करवतीवर व्हतो," तो म्हणाला. "त्येच्या लग्नापातूर. ती लांब करवत, दोन मुठीची. तुला ठावं न्हाय, त्यात ढकलायचं नसतं. ढकललं की पातं वाकतं. आपुन फकस्त ओडायचं आनि सोडायचं, मंग पलीकडला ओडतो. पलीकडं गडी नीट नसंल तर हात तुटायची पाळी येती. बालिंत आनि मी बोलत नसायचो दिसभर. बोलायचं कशाला? त्येनं सोडलं की मला कळायचं." त्यानं टोपी घातली. "वहिनीला म्या वाईट बोललो. बोललो त्ये बोललो. पर त्येला तर कायच बोललो न्हाय मी."

"त्येच तर," वेरोन म्हणाली. "दोगं बी न्हाय बोलला. आता त्येच्या तोंडी मी काय घालू? त्येला तुजा निरोप घ्यायचा व्हता का न्हाय, कुनाला म्हाईत?"

देमेतेर आल्या वाटेनं गेला. बरणी तिनं परत दिली नाही. तसल्या गोष्टी ती कधी परत देत नसे.

संध्याकाळी ती तेक्लाकडं बसायला गेली. बालिंतला आतल्या खोलीत कोट घालून निजवला होता. बायका बाकावर ओळीनं बसून अक्रोड फोडत होत्या. वेरोननं सहज विचारावं तसं विचारलं, शेवटी काय बोलला का?

"बोलतोय कसला!" तेक्ला म्हणाली. "जलमभर बोलला न्हाय, मरताना काय बोलनार? निस्ता छळवाद. दुलई वडायचा. दिसभर, दोनी हातानी, आपल्याकडं वडायचा, मंग सोडून द्यायचा. परत वडायचा. मी म्हनलं थंडी वाजतीया, दुसरी दुलई टाकली, तर ती बी तशीच. शेवटाला सुतळीनं खाटंला बांदली मी. तरी हात चाललेलेच. पायथ्याकडं बगायचा आनि वडायचा. सोडलं की असा थांबायचा जरा, कुनाची तरी वाट बगितल्यागत."

शेजारीण म्हणाली, "मरनारा मानूस दुलई चाचपतोच."

"चाचपत न्हवता गं. वडत व्हता."

वेरोनच्या हातातला अक्रोड फुटायचा राहिला. तिनं तेक्लाकडं बघितलं, तेक्ला नाक पुसत होती, आपण काय सांगितलं ते तिच्या गावीही नव्हतं. वेरोननं ते तिथं बोलून दाखवलं नाही. अक्रोड खिशात टाकून घरी आली.

आता ठाऊक झालं होतं. पण ठाऊक होऊन उपयोग काय? मेजावर आठ ओळी आणि आठही भरलेल्या. पहिली म्हाताऱ्या गायकाची. दुसरी तेक्लाची. मग पोरं, सुना, नातवंडं. बालिंतच्या एगेरच्या बहिणीनं अख्खं बदक पाठवलं होतं, ती एक अख्खं कडवं खाऊन बसली होती. बारशाचे मायबाप आणि शेजारी एकात कोंबलेले. शेवटचं कडवं, मूठभर दाण्यांचं, सगळ्या गावाची माफी मागायचं. त्याच्याशिवाय खांदेकरी पेटी उचलत नसत. सुना आणि नातवंडं एकत्र घालावीत तर थोरल्या सुनेनं जन्मभर पाणी दिलं नसतं. एगेरच्या बहिणीला अर्ध्यावर आणावं तर बदक आधीच शिजलं होतं.

आणि नाव घ्यायचं नाही, असा शब्द दिलेला.

दुसऱ्या सकाळी ती कणीक मळायला लागली. मळली, पुन्हा मळली, इतकी मळली की तिचा गोळा दगड झाला. दाणे सरकवून बघितले. मग तिच्या ध्यानात आलं, सगळ्या ओळींत दाणे आहेत, फक्त वरच्या ओळीत एकही नाही. म्हाताऱ्याचं कडवं. त्यात कुणी माणूसच नव्हता. थांबा, ऐका, बिऱ्हाड. ते गावातल्या प्रत्येक मढ्याच्या तोंडी एकसारखं बसायचं, म्हणजे कुणाचंच नव्हतं.

ते काढायचं म्हणजे काय, हे तिला पक्कं कळत होतं. त्या कडव्याशिवाय तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. ते म्हणतानाच तिचा कंप जायचा, आवाज बसायचा. म्हाताऱ्याच्या खोलीतली येरझार, ओल्या फरशीचा वास, आपण बादलीशी गुडघे टेकून चोरून ओठ हलवत होतो ते, सगळं त्या चार ओळींत होतं. तिनं बराच वेळ वरच्या ओळीकडं बघितलं. मग तळहातानं पुसली.

मयताच्या दिवशी असलं गारठलं होतं की थुंकी खाली पडेपर्यंत कडक व्हावी. अंगण भरलेलं. तेक्ला पेटीशी, दोन्ही बाजूंना पोरं. पाद्री हातमोज्यांत बोटं दुमडून मोजायला तयार. आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर, टोपी हातात घेऊन देमेतेर. अंगावर चांगला कोट होता. लोक त्याच्याकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

वेरोन उशाशी गेली, रुमाल आवळला आणि एकदम म्हणाली:

तेक्ला, तुझिया तोंडापुढती
गप्प बसाया शिकलो गं;
सूप मात्र ते गरम मिळालं,
त्याच्यावरती टिकलो गं.

बायकांची फजिती झाली. रुमाल अजून बाहीत होते. कुणी 'थांबा' म्हटलं नव्हतं, बिऱ्हाड आलं नव्हतं, रडायचं कुठून धरायचं कुणाला कळेना. मागं एकजण खिंकाळल्यासारखा हसला आणि बायकोचं कोपर खाऊन गप्प झाला. रडता येईना म्हटल्यावर लोकांनी नाइलाजानं ऐकायला सुरुवात केली. तेक्लानं डोळे मोठे करून वेरोनकडं बघितलं, मग पुढं होऊन झाकणावर हात ठेवला. "गरमच असायचं," ती झाकणाला म्हणाली. "कदी गार न्हाय वाडलं."

दुसरं कडवं पोरांचं. पोरं आली, हात ठेवले, मागं सरली. पाद्रीची दोन बोटं दुमडली. तिसरं सुरू करायच्या आधी वेरोननं श्वास घेतला. आवाज अजून बसला नव्हता. तो तिनं तसाच रेटला:

दोन मुठींची करवत होती,
मी अल्याड अन् तो पल्याड;
दुलईखाली ओढत होतो,
पडलं नव्हतं अजून झाड.

आणि थांबली.

केरेकडोंबात बालिंतच्या करवतीच्या पल्याड कोण होता हे लहान पोरालाही ठाऊक होतं. माना फाटकाकडं वळल्या. देमेतेर हलला नाही. नाव निघालं नव्हतं. नाव निघाल्याशिवाय आत यायचं नाही, हा रिवाज त्याला बापानं शिकवला होता आणि चोमोर घराण्यात एकदा शिकवलेलं मोडायची पद्धत नव्हती. तो तसाच उभा. नाकातून वाफ निघत होती तेवढीच.

थोरल्या पोरानं आईच्या कानाशी तोंड नेलं. तेक्लानं त्याला हातानं बाजूला केलं. ती पेटीकडं बघत होती. झाकणाकडं, मग जिथं हात असतील त्या जागेकडं. तिचे ओठ हलत होते. सुतळीनं बांधली होती तिनं ती दुलई. स्वतःच्या हातानं गाठ मारली होती, दोन्ही कोपऱ्यांना.

पाद्री खाकरला. वेरोननं त्याच्याकडं नुसतं बघितलं. थांबायला कडवं लागत नाही, एवढं त्या नजरेत त्याला वाचता आलं. त्यानं हातमोज्यांतले हात खाली केले.

वेरोन थांबून राहिली. तिला पुढचं कडवं पाठ होतं, सुनांचं, थोरली रुमाल हातात घेऊन तयारच होती. पण तिनं तोंड उघडलं नाही. इथून पुढं आपल्या हातात काही नाही, हे तिला कणीक मळतानाच कळलं होतं. शब्द दिला तो पाळला होता. खोटं घातलं नव्हतं. आता तेक्लानं खरंच तिला हाताला धरून बाहेर काढली असती तरी ती गेली असती. पाय बधिर होत होते. घोड्यांवरच्या पेटीवर हिम धरायला लागलं होतं.

"देमेतेर!"

तेक्लाची हाक सगळ्या आळीला गेली. तिला हळू बोलता येतच नसे.

"तिकडं काय उबा ऱ्हायलायस खांबागत? समद्यांचे पाय गारठले तुज्यापायी. ये आत. फाटक लाव येताना, कुत्री शिरत्यात."

देमेतेरनं फाटक उघडलं, आत आला, मागं वळून फाटक लावलं. नीट लावलं, कडी हलवून बघितली. लोक बाजूला झाले. पेटीशी येऊन त्यानं दोन्ही हात झाकणावर ठेवले. कुणाला वाटलं होतं तो रडेल. रडला नाही. रडली ती एगेरची बहीण, तीही मोठ्यानं, आणि तिला बघून मग सगळ्या बायकांना एकदाची सुरुवात सापडली. वेरोनला सुनांचं कडवं त्या आक्रोशावर ओरडून म्हणावं लागलं.

आठव्यापाशी ती संपली. पाद्रीनं प्रार्थना धरली, खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. पेटीमागं आधी तेक्ला आणि पोरं, मग देमेतेर. कुणीही त्याला कुठं चालायचं ते सांगितलं नाही.

परतल्यावर तेक्लाच्या घरी जेवण होतं. डुकराचा पाय घातलेलं घेवड्याचं सूप, लोणच्यातला कोबी, वाईन. पाद्री वेरोनशेजारी बाकावर येऊन बसला. चष्म्यावर वाफ आली होती.

"मावशी, आठच झाली. मोजली मी."

"मोजायच्या नादात ऐकलं का काय?"

त्यानं चष्मा पुसला. "ते नेहमीचं पहिलं कडवं दिसलं नाही आज."

"ज्येला जागा पायजे व्हती त्येला दिली," वेरोन म्हणाली, आणि पावाचा तुकडा सुपात बुडवून खाऊ लागली. चार ओळी पुसल्या होत्या तिथं अजून थंडी वाजत होती. पुढच्या मयताला त्या परत घ्यायच्या का, हे तिनं ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर पुन्हा कधीच घेतल्या नाहीत. दर वेळी कुणाला ना कुणाला जागा लागतच गेली.

मेजाच्या त्या टोकाला देमेतेरनं सुपाचा घोट घेतला आणि मिठाकडं हात लांबवला. तेक्ला पातेलं घेऊन मागंच उभी होती.

"आळणी लागतंय व्हय?"

"म्या कुटं काय म्हनलं, वहिनी?"

"हात बोलला की तुजा. बालिंतला कदी मीठ लागलं न्हाय."

"लागलं व्हतं. त्येनं मागितलं न्हाय."

मेजाभोवतीची सगळी माणसं चमचे थांबवून बघू लागली. तेक्लानं पातेलं आपटलं. कंबरेवर हात ठेवले, मान ताठ केली आणि जी काय सुरू झाली ती थेट त्या द्राक्षांच्या दिवसापासून. टोपल्या कुणाच्या होत्या, कोण हसलं, कोण आधी बोललं, सगळं. देमेतेरही गप्प बसला नाही. म्हणाला, बांधाचा तो तास माझाच होता. ती म्हणाली, पुसून टाक तोंड, मिशीला चरबी लागलीय. थोरली सून आत पळाली, पोरं उठायला लागली.

"बसा रे," वेरोन म्हणाली आणि आपलं ताट पुढं सरकवलं. "भांडू द्या. बाकी हाय लई."

तेक्लानं भांडता भांडताच तिच्या ताटात पळी ओतली, आणि मग देमेतेरच्या, न विचारता, काठोकाठ.